टेपवरचा नेव्ह

आमच्या बँडचा लाइव्ह अल्बम अजूनही खपतो, आणि त्यातली नेव्हची गिटार ऐकून भारावलेला एखादा तरी प्राणी मला टिप्टनच्या पबमध्ये गाठतोच. मी मान डोलावतो. काय सांगणार त्याला? त्या तबकडीवर नेव्ह नाहीच. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याची गिटार बेसूर लागली होती म्हणे, आणि स्टुडिओत बसून ती सुधारायला तो उरला नव्हता. त्याच हिवाळ्यात बर्फावर त्याची गाडी घसरली आणि तो गेला. मग कंपनीने लंडनचा कुणी भाडोत्री वादक बसवून सगळं नव्याने वाजवून घेतलं. टाळ्यासुद्धा दुसऱ्याच कुठल्यातरी कार्यक्रमातल्या. फोटो तेवढा नेव्हचा.

त्याच्या बायकोने, मॉरीनने, पहिल्याच गाण्याला सुई उचलली होती. "हा माझा नवरा नव्हे," ती म्हणाली. "हा बरोब्बर सुरावर पोचतो. नेव्ह रेंगाळत यायचा, जेवायला हाक मारल्यावर यायचा तसा." त्यानंतर तिच्या घरात गिटार वाजली नाही.

यंदा आमच्या साउंडवाल्या ऑलीला गॅरेज आवरताना टेपचं एक रीळ सापडलं. टिप्टनच्या हॉलमधला नेव्हचा शेवटचा कार्यक्रम, थेट ऑलीच्या साउंड मिक्सरवरून टेपवर उतरवलेला, कुणी हात न लावलेला. मी तरी काय मूर्ख! बँडमधला बास गिटारवाला असून क्षणभर डोकं चालवलं नाही, धावत जाऊन आधी मॉरीनला सांगितलं.

रविवारी दुपारी ऑली मशीन घेऊन आला तेव्हा मॉरीनने लिपस्टिक लावली होती. टेबलावर चहा आणि तिच्या हातचा केक.

"मिसेस पार्जेटरला सांगून ठेवलंस का?" मी विचारलं. ही शेजारीण. नेव्ह वरच्या खोलीत वाजवायला लागला की ही झाडूच्या दांड्याने मधली भिंत बडवायची.

"बडवू दे म्हातारीला," मॉरीन हसली. "आज मी तिची बाजू घेणार नाही. लाव रे, ऑली."

गाणं सुरू झालं. गायक स्वच्छ, ड्रम स्वच्छ, आणि ज्याला कधी कुणी विचारलं नाही तो माझा बास खणखणीत. मॉरीन पुढे झुकून वाट पाहत होती. नेव्हच्या सोलोची जागा आली. ड्रम वाजत राहिले, बास वाजत राहिला, आणि मागे कुठेतरी, शेजारच्या खोलीत माशी अडकावी तशी बारीक गुणगुण.

"मशीन बिघडलंय का?" मॉरीन म्हणाली. "कुठाय तो?"

ऑली कप खाली ठेवेना. "मॉरीन, हॉल केवढासा तो. नेव्हच्या गिटारचा अँप, त्याचा स्वतःचा स्पीकर, असा गरजायचा की लोकांच्या खिशातली चिल्लर थरथरायची. त्याला आणखी मिक्सरमधून हॉलच्या स्पीकरवर कोण देईल? जे ऐकू येत नाही तेवढंच मी मिक्सरमधून द्यायचो, आणि टेपवर तेवढंच उतरतं. ही गुणगुण गायकाच्या माइकमध्ये शिरलीय, बस."

"म्हणजे सगळ्यांत मोठ्याने वाजवायचा म्हणून..."

"कितीदा सांगितलं त्याला, कमी कर म्हणून."

"मीही सांगायचे," ती म्हणाली. "रोज."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला आशा लावली ती मीच. मी ऑलीला खूण केली, बंद कर. पण मॉरीनने स्वतः उठून रीळ मागे फिरवलं, आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि स्पीकरला कान लावून गुडघ्यांवर बसली. कपाटातल्या बशा खडखडू लागल्या. माझाच बास छातीत बुक्क्या मारत होता, आणि त्यात ती गुणगुणही बुडून गेली.

तेवढ्यात भिंतीवर झाडूचा दांडा आपटला. धाड, धाड, धाड.

मॉरीन दचकून उठली. लगबगीने जिन्यापाशी गेली, कठडा धरला आणि वर तोंड करून ओरडली, "नेव्ह! कमी कर रे जरा!"

ऑलीने माझ्याकडे पाहिलं. मशीन बंद करायला माझा हात उठेना. ती तशीच कठडा धरून वर बघत उभी होती. टेपवर पुढचं गाणं लागलं होतं, आणि त्यातही तो नव्हता.