कारणाचा रकाना

यज्ञेश्वर देवधरांनी पट्टी ठेवून लाल शाईने दोनच शब्द खोडले, शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली आणि मग तो टेबलावरून आमोदपुढे सरकवला.

‘वाच.’

आमोदने मोठ्याने वाचलं. ‘पुरुषांची वार्षिक स्पर्धा, नियमावली. कलम अकरा. गाळात पडलेला चेंडू उचलून, पुसून, खेळाडूच्या एका वितीच्या आत, होलच्या जवळ न नेता ठेवावा.’ त्याने मान वर केली. ‘काका, आधी “उजव्या हाताच्या” होतं ना?’

‘होतं. आता कुठलाही हात चालेल.’

‘बरं केलंत,’ आमोद म्हणाला, आणि थोडा वेळ तो खोडलेल्या शब्दांकडेच बघत राहिला.

महाडच्या औद्योगिक वसाहतीमागे, सावित्रीच्या काठाला, नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे हे खुद्द महाडातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. एका रसायनांच्या कंपनीने आपल्या साहेबलोकांसाठी ते केलं. पुढे कंपनी बंद पडली, साहेबलोक आपापल्या गावी गेले, आणि मैदान उरलं. हिरवळ पोसणं परवडत नाही म्हणून होलभोवती तेल मिसळलेली वाळू चोपून बसवतात. सभासद म्हणाल तर दोन डॉक्टर, एक हार्डवेअरवाला, काही शाळामास्तर, आणि आमोदसारखे औषधाच्या कारखान्यांतले तरुण अधिकारी. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा इथल्या क्लबातला चहा पिऊन बघावा.

पावसाळ्यात नदी मैदानात येते आणि जाताना गाळ ठेवून जाते. तो डिसेंबरपर्यंत वाळून भेगाळतो, आणि भेगेत पडलेला चेंडू मारणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. म्हणून दोन हजार पाचच्या मोठ्या पुरानंतर देवधरांनी कलम अकरा लिहिलं. त्या वेळी बँकेचे एक मॅनेजर आधी डावी वीत घालायचे आणि तिच्या टोकापासून पुढे उजवी. देवधरांनी कलमात ‘उजव्या हाताच्या’ असं घातलं आणि ती चलाखी बंद पाडली. स्पर्धेचे चिटणीस म्हणून वीस वर्षं त्यांना त्या दोन शब्दांचा अभिमान वाटत आला होता.

गेल्या वर्षापर्यंत. गेल्या वर्षी सहाव्या होलला काशीराम तांब्यांचा चेंडू भेगेत गेला, तेव्हा त्यांचे फटके लिहून घ्यायला मार्कर म्हणून देवधरच शेजारी होते. काशीरामांच्या उजव्या हाताला अंगठा आहे आणि त्याच्या शेजारचं बोट आहे. पुढे काही नाही. त्यांनी खाली बसून तो हात जमिनीला टेकवला. वितीच्या जागी टीच भरली. चांगलं गवत तिथून चार बोटांवर होतं. डावा हात, धडधाकट, गुडघ्यावर ठेवलेला होता. चेंडू भेगेतच राहिला, त्याला बाहेर काढायला दोन फटके गेले, आणि विजेत्याची ढाल एका फटक्याने आमोदकडे गेली.

‘अनुमोदक म्हणून मी सही करतो,’ आमोदने पेन काढलं. ‘ती ढाल घरी ठेवायला मलाच कसंतरी होतं.’

‘तुझी नको. काशीरामांची घेतो.’

दुसऱ्यावर उपकार करायचा तर तो त्याला दिसलाही पाहिजे, ही देवधरांची जुनी खोड. क्लबच्या शिस्तीप्रमाणे कुठलाही बदल स्पर्धेच्या आठ दिवस आधी, संध्याकाळी सहाच्या आत, फलकावर लागावा लागतो. त्यावर सूचक, अनुमोदक आणि कारण असे तीन रकाने भरलेले लागतात. कारणाच्या रकान्यात देवधरांनी ‘खेळाडूंची सोय’ असं लिहिलं होतं. आज शनिवार, शेवटचा दिवस होता. तीन वाजले होते. त्यांनी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि स्कूटर पोलादपूरच्या रस्त्याला काढली.

काशीरामांचं घर बौद्धवाडीच्या टोकाला. ते ओटीवर बसून जुन्या काठीच्या मुठीला नवी रबराची पट्टी गुंडाळत होते. देवधरांना बघून त्यांनी खुर्ची पुढे केली आणि आत हाक दिली. त्यांची बायको जानकीबाई, गावच्या अंगणवाडीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, दाराशी आल्या, पाहुणा कोण ते पाहिलं आणि चहा टाकायला परत गेल्या.

देवधरांनी कागद दिला. काशीरामांनी तो लांब धरून सावकाश वाचला.

‘कोनाची सोय?’

‘सगळ्यांचीच.’

‘बाकीच्यांचे दोन्ही हात सारखेच हायत, साहेब. त्यांना उजवा काय नि डावा काय.’

काशीराम सभासद झाल्यापासून देवधर त्यांना अहोजाहो करत. काशीरामांनी मात्र ‘साहेब’ सोडलं नव्हतं. देवधरांना ते ऐकायला बरं वाटे, आणि बरं वाटतं याची लाजही वाटे.

‘बरं, तुमची सोय म्हणा,’ देवधर म्हणाले. ‘गेल्या वर्षी चूक माझी झाली. वीस वर्षांपूर्वी लिहिताना हे डोक्यातच आलं नाही.’

‘मी नाय आलो डोक्यात.’

‘तेव्हा तुम्ही सभासद नव्हता.’

‘मैदानातच होतो. गवत कापत होतो.’

ते खरं होतं. बोटं गेल्यावर कंपनीने काशीरामांना यंत्रावरून काढून ‘हलक्या कामाला’ मैदानावर टाकलं. तिथे साहेबलोकांनी टाकून दिलेल्या काठ्या उचलून, दोन बोटांच्या पकडीने, ते खेळायला शिकले. कंपनी गेल्यावर क्लबला माणसं मिळेनात तेव्हा जुन्या कामगारांनाही दार उघडलं, आणि दोनच वर्षांत काशीराम तांबे पहिल्या तिघांत येऊ लागले.

जानकीबाईंनी चहा आणला. कप ठेवून त्या आत गेल्या नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

‘मी यावर सही नाय करनार,’ काशीराम म्हणाले. ‘आनि तुम्ही बदललंत तरी मी उजवाच हात टेकवनार.’

‘हा निव्वळ हट्ट झाला. फायदा तुमचाच आहे यात.’

‘फायदा नको. कारन लिवा.’

‘लिहिलंय की.’

‘खरं लिवा.’ काशीरामांनी हात कागदाशेजारी ठेवला, दाखवायचा म्हणून नव्हे, काठी खाली ठेवल्यावर तो रिकामा झाला म्हणून. ‘पंचवीस वर्षं झाली, साहेब. एकदा तरी लिवा.’

देवधरांनी कप उचलला. चहा गरम होता, तरी ते पीत राहिले.

पंचवीस वर्षांपूर्वी देवधर त्याच कंपनीत दुपारच्या पाळीचे प्रमुख होते. पावडरीच्या यंत्राच्या तोंडाशी गठ्ठा अडकला. काशीराम धावत केबिनमध्ये आले आणि म्हणाले, पाच मिनिटं बंद करतो. वरून माल लवकर काढा म्हणून सकाळपासून तीन फोन आले होते. देवधर कागदातून मान वर न करता म्हणाले, ‘बंद करू नकोस. चालूमध्येच हाताने मोकळं कर, सगळे करतात.’ मग ते झालं. दोन दिवसांनी त्यांनी अहवाल लिहिला: ‘कामगाराने यंत्र बंद न करता हात घातला. कामगाराचा निष्काळजीपणा.’ पहिल्या वाक्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि त्याच्याच आडोशाने देवधर इतकी वर्षं झोपत आले होते. नियमांचं त्यांना एवढं वेड कधीपासून लागलं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

‘अहवालात काय लिवलंत ते कामगारांत फुटलं,’ काशीराम म्हणाले. आवाज चढला नव्हता. ‘निष्काळजी म्हनजे काय, तर वाडीत म्हनाले, पिऊन गेला असनार. हिच्या अंगनवाडीत पोरं सोडायला येनाऱ्या बाया हिच्या तोंडावर इचारायच्या. मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाय.’

‘ते मला माहीत आहे,’ देवधर म्हणाले.

‘तुम्हाला माहीत हाय. मला माहीत हाय. हिला माहीत हाय.’

रिकामा कप उचलताना जानकीबाईंनी देवधरांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर देवधरांना सोपं गेलं असतं.

परत येताना त्यांना आपलीच चीड आली. आवळा देऊन कोहळा काढायला ते निघाले होते. दोन शब्द खोडायचे आणि त्यावर पंचवीस वर्षांची माफी घरी घेऊन यायची, तीही न मागता. काशीरामांनी कोहळा झाकून ठेवला नव्हता, फक्त त्याचं नाव घ्यायला सांगितलं होतं.

क्लबात पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते. त्यांनी कोरा कागद घेतला. कलम नीट उतरवलं. कारणाच्या रकान्यापाशी आल्यावर लिहिलं, ‘श्री. काशीराम तांबे यांच्या उजव्या हाताची तीन बोटे कारखान्यात यंत्रात गेली. यंत्र बंद करण्यास परवानगी मिळाली नव्हती.’ वाचून पाहिलं. परवानगी मिळाली नव्हती, जणू ती वाटेत कुठे हरवली होती. नोकरीत असली वाक्यं त्यांनी हजारांनी लिहिली होती. त्यांनी कागद फाडला आणि दुसरा घेतला.

आमोद सव्वापाचला डोकावला. देवधरांनी कागद त्याच्याकडे दिला. वाचून झाल्यावर आमोद खुर्चीत बसला.

‘काका, हे फलकावर लावणार?’

‘कारणाचा रकाना आहे. कारण लिहावं लागतं.’

‘“वैद्यकीय कारण” लिहा ना. खोटंही नाही, आणि सगळ्यांना कळेल.’

देवधरांनी त्याच्याकडे बघितलं. पोरगा चांगला होता, म्हाताऱ्याची अब्रू वाचवू बघत होता. आणि ते दोन शब्द फार सुरेख बसत होते. त्या वयात, त्या खुर्चीत, आपणही हेच सुचवलं असतं.

‘खोटं नाही, हे मीही एकदा म्हणालो होतो,’ ते म्हणाले.

‘मग अनुमोदक?’

‘रिकामं राहू दे.’

‘मग बदल नियमात बसत नाही.’

‘नाही बसत.’

सहाला दहा मिनिटं असताना देवधरांनी कागद फलकाला लावला. चार टाचण्या त्यांनी स्वतःच्या हाताने टोचल्या. अपूर्ण भरलेला कागद त्यांनी आजवर कुणाचाही लावू दिला नव्हता. हार्डवेअरवाल्याने आपली खेळायची वेळ बघण्यासाठी फलकाकडे पाहिलं, मग त्या कागदाकडे, आणि चहा न पिताच तो घरी गेला. सोमवारपर्यंत ही गोष्ट बाजारपेठेत पसरणार हे देवधरांना कळलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी साडेसातला ते आले. मैदानावर वाळूच्या होलवरून कुणीतरी आधीच वाळू सारखी करायला गोणपाट ओढून ठेवलेलं होतं, रेघा अजून ओल्या होत्या. फलकापुढे ते मुद्दाम थांबणार नव्हते, पण थांबले. अनुमोदकाच्या रकान्यात फटके मांडायच्या बुटक्या पेन्सिलीने सही केलेली होती: का. रा. तांबे. खाली आजची तारीख, आणि वेळसुद्धा, सकाळी साडेसहा. मुदत टळलेली होती, तरी सगळं शिस्तीत.

देवधर तिथल्या बाकावर बसले. त्यांना रडू येईल असं वाटलं, तसं आलं नाही. नुसतंच हलकं वाटलं, आणि इतक्या स्वस्तात हलकं वाटतंय याचा संशयही आला.

फाटक वाजलं. जानकीबाई आत येत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी क्लबात पाऊल टाकलेलं नव्हतं. कडक इस्त्रीची पांढरी साडी, बहुधा विहारात जायला नेसतात ती, आणि हातात छत्री. देवधर उठून उभे राहिले.

‘कुठं लावलाय?’

देवधरांनी दाखवलं. जानकीबाई फलकापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता.

‘वाचून दाखवा,’ त्या म्हणाल्या.

देवधर फलकाजवळ सरकले. शेजारी दोन सभासद बूट बांधत होते, ते तसेच थबकले.

‘कारण,’ देवधर वाचू लागले. ‘श्री. काशीराम तांबे यांच्या उजव्या हाताची तीन बोटे कारखान्यात यंत्रात गेली. यंत्र बंद करू द्या, असे त्यांनी पाळीप्रमुखाला सांगितले होते. पाळीप्रमुखाने नाही म्हटले आणि चालू यंत्रात हात घालायला लावले. नंतर अहवालात कामगाराचा निष्काळजीपणा असे लिहिले. ते खोटे आहे. श्री. तांबे शुद्धीवर होते, सावध होते आणि त्यांचे बरोबर होते.’ शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. ‘पाळीप्रमुख मी होतो. अहवाल मी लिहिला.’

‘खाली नाव?’

‘यज्ञेश्वर विष्णू देवधर.’

जानकीबाईंनी मान हलवली. बराच वेळ त्या कागदाकडे बघत होत्या, शाळेत मुलाची पाटी तपासावी तशा, ओळीओळीने.

‘किती दिवस राहील हा इथं?’

‘स्पर्धेपर्यंत. आठ दिवस. पुढच्या वर्षी नियमावलीत छापला जाईल.’

‘आमच्या बाया काय नियमावली वाचायला येनार नाहीत,’ जानकीबाई म्हणाल्या. ‘पोरं सोडायला यायच्या त्या. आता साठीला आल्यात सगळ्या, काही सुनेच्या घरी ऱ्हातात. पन जमतील. उद्या घेऊन येते.’ त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. ‘तुम्ही असाल ना, वाचायला?’

बूट बांधणारे दोघे आता उघडच बघत होते. देवधरांनी फलकाकडे पाहिलं, मग जानकीबाईंकडे.

‘किती वाजता आणताय?’ त्यांनी विचारलं.