शिवेपलीकडचं गाऱ्हाणं

मशीनच्या दिवशी बायकोला जाग येऊ नये म्हणून कान्हू मांजराच्या पावलानं उठायचा, आणि सुमंगला त्याच्याही आधी उठून चुलीपुढं बसलेली असायची. ही चढाओढ नेहमीची होती आणि तीत कान्हू कधी जिंकला नव्हता.

"निजली असतीस जरा," तो म्हणायचा.

"तुमी गेल्यावर निजते," ती म्हणायची. तो गेल्यावर गोठा असायचा, पाणी असायचं, शेतावर माकडं असायची. निजायला सवड कुठली! पण नवराबायकोत काही खोटी वाक्यं खऱ्यापेक्षा उपयोगाची असतात.

कान्हूची मूत्रपिंडं गेल्या पावसाळ्यात कामातून गेली. तेव्हापासून एक दिवसाआड खानापूरला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, असं आयुष्य सुरू झालं. आंबेळीहून सकाळची पहिली बस, रामनगरला बदलायचं, आणि दिवेलागणीला शेवटच्या बसनं परत. ती बस रात्री आंबेळीतच मुक्कामाला असायची. मधला रस्ता सगळा रानातला, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सुप्याच्या धरणाचं पाणी. रस्त्यावर वनखात्याचं गेट होतं, पण ते उघडंच असायचं.

आता ते गेट संध्याकाळी सहाला लावून सकाळी सहाला उघडायचं, असं सरकारच्या मनात आलं होतं. गाड्यांखाली जनावरं मरतात, हे कारण. कारण खोटं नव्हतं. पण शेवटची बस गेटावर यायची ती सहा वाजून गेल्यावर. गेट लागलं की बस रामनगरलाच राहणार, आणि कान्हूनं एक दिवसाआड रात्र कुठं काढायची? तिथल्या भाच्याच्या दुकानाच्या पायरीवर?

"तसं झालं तर मी मशीनला जाणार न्हाई," कान्हू एकदा जेवताना म्हणाला होता. "मराण यायचं तर घरात येऊ दे." भाजीत मीठ कमी पडलंय, अशा सुरात म्हणाला. सुमंगलेनं त्याच्या पानात आणखी भात वाढला. पण ते वाक्य तिच्या पोटात जाऊन बसलं, आणि तिथून काही उठेना.

सरकार निर्णय घेण्याआधी सगळ्यांचं ऐकणार होतं. सरकारला ऐकवायचं म्हटलं की कोण कोण जागं होतं, हे त्या महिन्यात आंबेळीनं पाहिलं. रामनगरच्या ट्रकवाल्यांनी त्यांच्यातल्या विनायकशेठना पुढं घालून राजधानीच्या चार फेऱ्या केल्या. रिसॉर्टवाल्यांनी साहेबलोकांना दोन दिवस पाहुणचार देऊन पटवलं, की त्यांच्याकडचे पाहुणे रात्री वाघाला काही त्रास देत नाहीत, कोंबडी खातात आणि झोपतात, तेव्हा त्यांच्या गाड्यांना पास मिळावेत. बेळगावच्या वन्यजीवप्रेमी मंडळानं मेलेल्या जनावरांचे फोटो पेपरात छापून आणले. ज्याची त्याची ढोलकी, ज्याचा त्याचा ताल.

कुणब्यांचा संघही मागं नव्हता. संघाचा चिटणीस नागराज, पोरगा हुशार, पण वाढला रामनगरात. आजोळ तेवढं आंबेळीत. त्यानं कोणी काय बोलायचं ते वाटून दिलं. शाळेच्या पोरांबद्दल मास्तर बोलणार, बाजाराबद्दल म्हातारा महाबळेश्वर बोलणार, आणि शेवटी आजारी माणसाबद्दल सुमंगला.

"मामी, सगळ्यात मोठं तुमचंच," नागराज म्हणाला. "पाच मिनटं बोलायचं. रडायचं न्हाई. पण गळा भरून आला तर आवरायचं पण न्हाई."

"हे दोनी एकावेळी कसं जमवू रे?" सुमंगलेनं विचारलं. तरी तिनं शेणी थापताना, भात निवडताना घोकून घोकून ते पाच मिनिटांचं बोलणं पाठ केलं.

सुनावणीचा दिवस नेमका मशीनचा निघाला. पिशवी घेऊन कान्हू अंगणात उतरला, आणि वळून म्हणाला, "नीट बोल गे. भिऊ नको. माझ्याशी भांडतीस तशी बोल."

"तुमच्याशी भांडायला मला पाच मिनटं पुरत न्हाईत," ती म्हणाली. तो हसला आणि बसच्या दिशेनं चालू लागला. त्याची चाल आताशा लहान झाली होती. ती त्याच्या पाठीकडं बघत राहिली.

सकाळची दुसरी बस आली तेव्हा सुमंगला अंगण सारवत होती. बसमधून एक मुलगी उतरली आणि दहा पावलं येऊन तिच्या कुंपणाशीच खाली बसली. तोंड पांढरं फटक. घाटाच्या वळणांनी पोटातलं सगळं बाहेर आलं होतं. सुमंगलेनं हातातलं शेण धुतलं, तिला धरून ओसरीवर आणलं, चूळ भरायला पाणी दिलं आणि आडवं केलं. थोड्या वेळानं गरम पेज आणली, त्यात मीठ आणि वर आंब्याच्या लोणच्याची फोड.

"हळू पी. घाई न्हाई."

"मावशी, मी मीटिंगला आलेय," मुलगी म्हणाली. "मी—"

"आधी पेज. नाव मागनं."

आंबेळीत असंच आहे. आलेल्याला आधी पाणी, मग अन्न, मग विचारपूस. नाव आधी विचारलं तर माणूस बघून वाढल्यासारखं होतं. मुलीनं वाटी संपवली, आणखी मागितली, तीही संपवली आणि भिंतीला टेकून गाढ झोपली. पेपरवाली असेल, असं सुमंगलेला वाटलं. झोपेत तिचं तोंड अगदी लहान दिसत होतं. सुमंगलेनं तिच्या अंगावर आपलं धडपं टाकलं. पोटी लेकरू नसलेल्या बाईला असल्या कामाचा कंटाळा येत नाही. जाग आल्यावर मुलगी घाईघाईनं उठली, "थँक्यू मावशी" म्हणत शाळेकडं पळाली, आणि नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुपारी शाळेच्या वर्गात सुनावणी बसली. सरकारच्या समितीचे तिघे टेबलामागं, मधे अध्यक्षसाहेब. जेवण पंचायतीत झालेलं, त्यामुळं डोळे जड. कानडीत आणि मराठीत कारभार चालला होता. पहिलं नाव पुकारलं ते वन्यजीवप्रेमी मंडळाचं, आणि उठून उभी राहिली ती पेज प्यायलेली मुलगी. तिचं नाव अंकिता.

ती चांगलं बोलली, हे सांगायलाच हवं. सांबरं, उदमांजरं, एकदा तर बिबट्याची मादी, सगळ्यांचे फोटो तिनं दाखवले. एक सूट दिली की दहाजण सूट मागतात, म्हणून कुणालाच सूट नको, म्हणाली. "आजारी माणसांची रामनगरात राहण्याची सोय करता येईल," असंही म्हणाली.

मास्तर बोलले. महाबळेश्वर बोलला. मग नागराजनं डोळ्यांनी खूण केली आणि साहेबांनी नाव पुकारलं.

सुमंगला उभी राहिली. समोर साहेब, बाजूच्या बाकावर अंकिता. अंकितानं तिला ओळखलं आणि ओळखीचं हसली. सुमंगलेच्या ओठावर पाठ केलेलं पहिलं वाक्य आलं आणि तिनं ते गिळलं.

"मला आज बोलाय येत न्हाई," ती म्हणाली.

"का? घाबरू नका, बोला," साहेब म्हणाले.

"भीती न्हाई. पर आज न्हाई." आणि ती खाली बसली.

नागराजनं कपाळावर हात मारला. पण महाबळेश्वर म्हातारा तिच्याकडं सरकला आणि हळूच विचारलं, "त्या पोरीला अन्न घातलंस काय?"

"पेज. दोन वाट्या."

"मग बस गप," म्हातारा म्हणाला, आणि स्वतःच डोळे मिटून बसला.

ज्याला आपल्या हातानं जेवू घातलं, तो गावची शीव ओलांडेपर्यंत त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही. उघडलं तर वाढलेलं अन्न परत मागितल्यासारखं होतं. आंबेळीत पोरंसोरंही हे जाणतात, आणि कुणी कुणाला समजावून सांगत नाही. का बोलत नाही तेही सांगायचं नसतं, कारण तेसुद्धा पाहुण्याला टोचेल.

नागराजला हे सगळं बाहेर आल्यावर कळलं आणि तो आंब्याखाली उभा राहून ओरडला, "पेजेपायी बस घालवलीत मामी! संघानं महिनाभर काय माशा मारल्या?"

"माहीत असतं तर पेज घातली नसती काय?" सुमंगलेनं स्वतःलाच विचारलं. घातलीच असती. उपाशी पोर दारात कशी ठेवणार! तिला रडू आलं नाही. कान्हू संध्याकाळी उतरेल आणि विचारेल, बोललीस का, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं. त्याला काय सांगायचं? तुमच्या जिवापेक्षा मला पेज मोठी वाटली?

उन्हं कलली तशी अंकिता निघाली. मंडळाची जीप दुसऱ्या कामावरून परतताना तिला शिवेपलीकडं फाट्यावर घेणार होती. सुमंगला तिच्याबरोबर चालू लागली.

"तुम्ही कशाला मावशी? जाईन मी."

"पाव्हण्याला शिवेपतोर पोचवायचं असतं."

वाटेत दोघी रानफळांबद्दल बोलल्या, अंकिताच्या आईच्या गुडघ्याबद्दल बोलल्या. ओढा आला. ओढ्यापलीकडं शेंदूर फासलेला शिवेचा दगड. सुमंगलेनं अंकिताचा हात धरून ओढा पार करवला, दगड मागं टाकला आणि थांबली.

"आता बोलते," ती म्हणाली. "आता तू माझी पाव्हणी न्हाईस."

अंकिता दचकली. सुमंगला बोलू लागली, आणि पाठ केलेलं त्यातलं काहीच आलं नाही.

"तुझी जनावरं मरतात ते मी बघितलंय. सांबराचं पाडस आमच्याच फाट्यावर मेलं, दोन दिवस त्याची आई तिथं येत हुती. ट्रक बंद कर. रिसॉर्टच्या गाड्या बंद कर, मी टाळी वाजवीन. पर रातची आमची एकच बस हाय बाई, हळू येती, तिनं आजवर कोंबडं मारलं न्हाई. तीत माझा माणूस असतो. तो म्हणतो, बस गेली तर मशीनला जाणार न्हाई. तू सोय करशील, खाट देशील, सगळं देशील. मी तिथं न्हाई ना! रक्त धुतल्यावर त्याला रातभर थंडी वाजती. मी पाय धरून बसते. ते कोण धरंल?"

अंकितानं विचारलं, "हे तुम्ही तिथं का नाही सांगितलंत?"

मग सुमंगलेनं सांगितलं. शीव ओलांडल्यावर तेही सांगायला मोकळीक होती. अंकिता ऐकत गेली आणि तिचे डोळे भरून आले. ती तिथंच रस्त्याच्या कडेला बसली.

"मला मंडळानं एक शब्दही मागं घ्यायचा नाही म्हणून पाठवलंय," ती म्हणाली.

"मग घेऊ नको. मी बोलले, माझं काम झालं."

एवढ्यात गावाकडून समितीची जीप आली. अंकिता उठली, रस्त्याच्या मधोमध गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. जीप कचकन थांबली.

"सर, उतरा. ह्यांचं बोलणं राहिलंय."

"सुनावणी संपली ना?" साहेब वैतागले. "त्याच नाही म्हणाल्या."

"गावात नाही म्हणाल्या. माझ्यामुळं. पेशंटची रामनगरात सोय होईल असं मी तिथं बोलले, पण मी एकाही पेशंटला विचारलेलं नाही, सर. हे माझ्या नावावर लिहून घ्या आणि ह्यांचं ऐका."

साहेब उतरले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. त्यांनी चष्मा पुसला. "बोला बाई. काय म्हणणं आहे तुमचं?"

"साहेब, माझा माणूस—" सुमंगलेनं सुरुवात केली.

आणि वळणावर बसचे दिवे दिसले.

पुढं दिवाळीनंतर हुकूम निघाला. सहा ते सहा गेट बंद, ट्रक बंद, रिसॉर्टवाल्यांचे पासही नाहीत. फक्त रुग्णवाहिका आणि आंबेळीची मुक्कामाची बस, एवढ्यांना वाट. संघानं नागराजला हार घातला. पंचायतीनं आपलं श्रेय घेतलं, आमदाराच्या माणसांनी त्यांचं. सुमंगलेचं नाव कुणी घेतलं नाही आणि अंकितानं त्याच महिन्यात मंडळ सोडलं. पण हे सगळं मागाहून. त्या संध्याकाळी शिवेवर उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

जीप आडवी उभी होती म्हणून बस थांबली. खिडकीतून बायको दिसली तसा कान्हू तिथंच उतरला. हाताला पांढरी पट्टी, ओठ सुकलेले, पिशवी खांद्यावरून घसरलेली. पहिल्याच पावलाला तो जरा डळमळला.

सुमंगलेनं वाक्य अर्धंच टाकलं. साहेब, जीप, सरकार, सगळं तसंच ठेवून ती धावत गेली. तिनं त्याची पिशवी काढून घेतली, आपला पदर त्याच्या खांद्यांवर टाकला आणि पट्टी नसलेला हात आपल्या खांद्यावर घेतला. दोघं ओढ्याकडं चालू लागली. साहेब त्यांच्या पाठमोऱ्या जोडीकडं बघत राहिले. बाजूला व्हा म्हणून बसच्या ड्रायव्हरनं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. जीप कडेला घेतल्यावर दोघांच्या मागून बस बैलगाडीच्या चालीनं येत राहिली.

"ते कोण गे?" कान्हूनं विचारलं.

"सरकार."

"मग बोललीस काय?"

"बोलतच हुते. तुमी आलात."

"आणि तशीच सोडून आलीस?"

"मग काय करू?" सुमंगला म्हणाली. "तुमी येताय का न्हाई, तेच तर इचारायचं हुतं त्यास्नी."