सुतासारखी रेघ

माझ्या दिराला भट्टीवर सगळे चिमटा म्हणतात. लांब पाय, लहान डोकं आणि तापलेलं काहीही धरायला पुढे. राहतो मागच्या गल्लीत, जेवायला आमच्याकडे. कारखान्यात त्याच्यासाठी शब्द मीच टाकला होता, त्यामुळे माझा राग हक्काचा आहे.

पोलादाचे लांब ठोकळे, म्हणजे बिलेटं, लाटण्याआधी आम्ही भट्टीत तापवतो. किती तापवायची ते आता संगणक ठरवतो, आणि त्याला शहाणं करायचं काम माझं. भट्टीच्या छतातून आत सिरॅमिकच्या नळ्या सोडलेल्या असतात, त्यांच्या टोकाशी तापमान मोजणारी तार. ती सांगेल तसा संगणक गॅस कमी-जास्त करतो. त्या नळ्यांची देखभाल चिमट्याकडे, म्हणजे माझे डोळेच त्याच्या हातात.

पडद्यावरची तापमानाची रेघ नागमोडी यायची. बिलेट काढायला दार उघडलं की गार हवा शिरते आणि रेघ खाली बसते. त्यात वावगं काही नव्हतं. पण मोठे साहेब बघायला येणार होते. त्यांना पटलं तर बाकीच्या भट्ट्याही माझ्याकडे येणार होत्या, आणि साहेबलोकांना सरळ रेघ आवडते.

जेवताना मी हसत म्हटलं, "भाऊजी, तेवढी माझी लाईन सरळ करून द्या. जन्मभर नाव काढीन."

"किती सरळ? सुतासारखी?"

"अगदी सुतासारखी."

नवराही हसला आणि आम्ही दुसऱ्या विषयाकडे वळलो.

त्याच आठवड्यात रेघ खरंच सरळ झाली. मी कितीतरी दिवस आकड्यांशी झटत होते, वाटलं, आलं फळ. साहेबांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मी चढले.

मग बिलेटं एकमेकांना चिकटून बाहेर यायला लागली. वरचा थर वितळलेला, माल सगळा भंगारात, आणि पडद्यावर सारं आलबेल. भट्टी विझवून छत तपासलं तेव्हा उलगडा झाला. नळ्या वीतभर वर ओढून विटांच्या भोकात बसवल्या होत्या. तिथे धग कमी पोचते आणि उशिरा पोचते. दार उघडल्याचं तारेला कळतच नव्हतं, म्हणून रेघ सरळ. तार तापमान कमी सांगत होती, म्हणून माझा संगणक इमानेइतबारे गॅस वाढवत होता.

चौकशीत चिमटा साहेबांकडे बघून बोलला. माझ्याकडे नाही.

"वहिनींनीच सांगितलं होतं. लाईन सरळ करून द्या म्हणाल्या. सुतासारखी."

"तुम्ही असं म्हणालात?" साहेबांनी मला विचारलं.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तेच जास्त झोंबलं.

"म्हणाले. पण जेवताना, थट्टेत. नळ्यांना हात लावा असं नाही म्हणाले."

घरची थट्टा ऑफिसात सांगून बघा, किती केविलवाणी वाटते. भट्टी माझ्याकडून काढून घेतली. पुढचं कळवू म्हणाले. चिमट्याला समज देऊन सोडलं.

घरी आले तेव्हा नवरा ताटं पुसत होता. मी सगळं भडाभडा ओकले. "केसाने गळा कापला तुझ्या भावाने," मी म्हटलं.

"कापला काय? काल विचारलं होतं त्याने मला, काय सांगू म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, वहिनीचं नाव घे. तिला एकदम काढणार नाहीत. आणि काढलं तरी शिकलेली आहे, कुठेही लागेल. तुला कोण उभं करणार?"

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तू ऐकलं नसतंस." त्याने तिसरं ताट मांडलं. "येईल आता तो. त्याला काही बोलू नकोस, आधीच बिचारा घाबरलाय."

"आणि मी?"

"तुझं काय?" तो म्हणाला.