चौथ्या वेताचा तुरा

रुद्राणीबाई कोल्हापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. वेत हा त्यांचा अभ्यासाचा विषय. ताड-माडाच्याच कुळातला, पण स्वतःच्या बळावर उभा न राहणारा, काट्यांच्या आकड्यांनी शेजारचं झाड धरून उजेडाकडे चढणारा. त्यातल्या एकाच जातीपायी बाईंची तीस वर्षं गेली होती. राधानगरीच्या वरच्या सदाहरित रानात एका ओढ्याकाठी तिची सात बेटं होती. दुसरीकडे कुठं ती कुणाला सापडली नव्हती.

या वेतात नर वेगळा आणि मादी वेगळी. फुलोरा येईपर्यंत कोण काय ते कळत नाही. ओढ्याकाठी दोन नर होते, पाच माद्या. दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यात कडा खचला आणि सहा बेटं दरडीखाली गेली. मागे राहिली एक मादी. ती दरसाल फुलायची आणि फळ न धरताच तिचा तुरा वाळून जायचा.

चार हिवाळे बाई नर शोधत चंदगडच्या रानापर्यंत हिंडल्या. गुडघा सुजायचा, तरी जायच्या. मिळाला नाही. आता सगळी भिस्त कॉलेजच्या बागेतल्या चार वेतांवर होती. दरडीच्या सात वर्षं आधी त्यांनी रानातून दीडशे बिया आणल्या होत्या, त्यातले एवढेच जगले. गेल्या दोन वर्षांत तीन फुलले. तिन्ही माद्या.

फेब्रुवारीत एका सकाळी बागेचे माळी आकाराममामा धावत स्टाफरूममध्ये आले. रोपं बोटभर होती तेव्हापासून त्यांना पाणी मामांनीच घातलं होतं.

"बाई, उठा! चौथ्याला फुलं उमलल्यात. आनि नर हाय की त्यो!"

बाईंनी हातातला कप खाली ठेवला तो तसाच राहिला. "कशावरनं म्हणता?"

"तुमच्याच भिंगातनं आज पैल्यांदा बघितलं न्हवं. पुंकेसर दिसत्यात चांगलं."

बाई दारापर्यंत गेल्या होत्या. तिथंच थांबल्या.

"मामा, फुलं एकेकटी आहेत की जोडीजोडीनं?"

"जोडीनं हाईत. परत्येक जोडीत एकाला पुंकेसर." मामा हसत होते. "म्हंजे नर-मादी दोनी एकाच झाडावर. लईच ब्येस झालं की!"

बाई तडक निघाल्या. बागेत जाऊन त्यांनी तुऱ्याची एक काडी तोडली, प्रयोगशाळेत आणली आणि एक परागकोश काचेवर फोडला. सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहत राहिल्या. मग दुसरा फोडला. मग तिसरा. मामा दाराशी उभे होते.

"मादीच आहे, मामा," त्या शेवटी म्हणाल्या. "या जातीत मादीच्या फुलाशेजारी एक नर फूल येतं. पण ते वांझ असतं. आत परागाचा कणही नसतो."

"मग येतंय कशाला ते?"

"माश्यांना बोलवायला असावं."

"आनि माश्या येऊन काय करत्यात?"

बाईंनी काच पुसून ठेवली. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली आणि ते गेले. साडेअकराचा वर्ग बाईंनी घेतला; काय शिकवलं ते त्यांना नंतर आठवेना.

एप्रिलात त्या ओढ्यावर गेल्या. दरडीनंतर तिथलं वरचं छत्र उरलं नव्हतं, ऊन थेट जमिनीवर पडत होतं. शेवटचं बेट बुडापासून वाळलं होतं. त्यांनी एक कोंब सोलून पाहिला. आत तपकिरी भुसा होता.

मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाचे हार टेबलावर ठेवून बागेत आल्या, तेव्हा मामा वेतांपाशीच होते.

"किती वर्सं जगत्याल ह्या?" मामांनी विचारलं.

"बुडातनं कोंब येत राहतील. जपलं तर तीस-चाळीस वर्षं."

"आनि मग?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मामांनी झारी उचलली.

"पानी घालत ऱ्हाऊ न्हवं?"

"घाला," बाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं, पण मामांसमोर त्या रडल्या नाहीत.