दुधाची रांग

पावडरीचं दूध तळाला लागू नये म्हणून रुखमाबाईंनी कढईखालचं एक लाकूड बाहेर ओढलं आणि धुळीत घासून विझवलं. चर्चच्या अंगणात दोन रांगा उभ्या होत्या. डावीकडे बाप्तिस्म्यासाठी नाव दिलेली माणसं. त्यांना दोन-दोन पेले. उजवीकडे बाकीचं गाव; त्यांना एक, तोही डावी रांग आटोपल्यावर काही उरलं तर.

उजवीकडच्या रांगेत उकंडरावची बायको कोकिळा होती. तिच्या कडेवर दोन वर्षांची वच्छी मान टाकून पडली होती. कोकिळेनं पेला पुढे केला तेव्हा रुखमाबाईंच्या हातातलं ओगराळं कढईच्या बुडावर खरखरलं. त्यांनी कढई तिरपी केली, खरवडून निघालं तेवढं पेल्यात ओतलं. अर्धा पेलाही भरला नाही.

शांतवन मास्तर ओसरीवरून खाली उतरले. पस्तिशीचा, खांद्याची हाडं वर आलेला माणूस. गावातल्या ख्रिस्ती मंडळीला शिकवायला शहरातून त्यांना पाठवलं, त्याला दीड वर्ष झालं होतं.

"उकंडरावले म्हणा, नाव दे," ते कोकिळेला म्हणाले. "तिकडच्या रांगेत या."

"ते म्हणते, भावकी कोपन. गोड्या पाण्याची हीर भावकीची हाय, मास्तर. आमी कुठचं पाणी प्यावं?"

"पाण्याचं मी पाहतो. नाव द्या."

कोकिळेनं तिथंच उभं राहून दूध बोटानं पोरीच्या ओठांना लावलं.

रुखमाबाई कढई घासायला बसल्या. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला होता आणि आता चैत्र लागला होता. पूर्णेच्या पात्रात गुरांची हाडं पांढरी पडली होती. हा सगळा खाऱ्या पाण्याचा मुलूख. विहिरी होत्या, पण तोंडात धरवणार नाही असं पाणी. वरवट बकालपासून दोन कोसांवरच्या या गावात गोड्या पाण्याची एकच विहीर उरली होती. आणि दर पंधरवड्याला शहरातून येणारी मंडळीची गाडी होती. तीत पावडरीची पोती आणि भरडलेला गहू असायचा.

चाळीस वर्षं रुखमाबाईंनी बायबलबाई म्हणून हा मुलूख पायांनी तुडवला होता. खांद्याला पिशवी, डोक्यावर पदर. ओट्यावर बसून बायांना गोष्टी सांगायच्या आणि पुढच्या गावाला निघायचं. मंडळीतल्या बाया त्यांना विचारायच्या, बाई, इतके शिकवणारे येतात, खरा कोणता ते कसं ओळखावं? त्यांचं उत्तर ठरलेलं असे. देवाची गोष्ट सांगून झाल्यावर जो हात पुढे करतो, तो खरा नव्हे. मग तो घ्यायला करो की द्यायला.

त्या आठवड्यात उकंडरावनं नाव दिलं.

दुपारी चर्चच्या सावलीत नाव दिलेल्या एकोणीस जणांना शिकवायचं काम रुखमाबाईंचं होतं. त्यांनी पहिली आज्ञा सांगितली, दुसरी सांगितली. म्हातारा कारभारी मध्येच म्हणाला, "बाई, पाणी डोक्शावर घेतल्यावरही दोनच पेले राहतीन, का वाढतीन?"

कुणी हसलं नाही. सगळ्यांना तेच विचारायचं होतं.

उकंडराव मागं खांबाला टेकून बसला होता. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याशी त्याची बोटं चाळा करत होती. दोऱ्यात त्याच्या आईनं बांधलेला ताईत होता. काढ म्हणून त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. पण आज्ञा ऐकता ऐकता त्यानं दोरा डोक्यावरून काढला आणि मुठीत आवळून धरला. रुखमाबाईंकडे पाहिलं, लगेच खाली पाहिलं. चोरी करताना सापडलेला माणूस पाहतो तसं.

त्यांनी पाठ तिथंच थांबवला. घरी जाऊन पेटी उघडली, कागद काढला आणि शहरातल्या मोठ्या पाळकांना, भगवंतरावांना पत्र लिहिलं. इथं दुधाच्या पेल्यावर बाप्तिस्मा विकला जात आहे. शिकवणारा खोटा आहे. आपण स्वतः येऊन पाहावं. खाली सही केली आणि वरवट बकालला जाणाऱ्या बैलगाडीत बसून पत्र स्वतःच्या हातानं टपालपेटीत टाकलं. परतताना त्यांना बरं वाटत होतं. गुडघेही फारसे दुखले नाहीत.

भगवंतराव रविवारी आले. मंडळीची अकरा घरं सतरंजीवर बसली, नाव दिलेले एकोणीस जण भिंतीला लागून उभे राहिले. कोकिळा दाराशी पोरीला घेऊन होती. प्रार्थना झाली, आणि भगवंतरावांनी खिशातून पत्र काढून वाचून दाखवलं. कुणी लिहिलं ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. गावात रुखमाबाईंएवढं शुद्ध लिहिणारं दुसरं कोण होतं?

"शांतवन, हे खरं आहे?"

मास्तर उभे राहिले. रुखमाबाईंना वाटलं, आता हा माणूस बोलेल. बोलायला तो हुशार होता; वचनावर वचन रचून समोरच्याला गप्प करायचा.

"खरं हाय," मास्तर म्हणाले.

"ही माणसं विश्वासानं आलेली नाहीत?"

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "नाही, साहेब. भुकेनं आले. मले माहीत व्हतं."

मास्तरांची बायको बायकांच्या बाजूला बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले.

भगवंतराव कठोर मनुष्य नव्हते. पत्राची घडी करता करता म्हणाले, "तुम्हाला शिकवण्याच्या कामावरून मोकळं करावं लागेल. आणि गाडीचं म्हणाल, तर मंडळी जिथं वाढते आहे तिथंच ती पाठवायची, असं वरून ठरलेलं आहे. तुमच्या यादीवर भरवसा ठेवून आम्ही ती इथं देत होतो. आता कशाच्या आधारावर द्यायची?"

रुखमाबाईंनी मान वर केली. हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर जमिनीकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवल म्हणून नव्हतं.

"साहेब," रुखमाबाई उठायला लागल्या, "गाडीचं मी लिहिलं नव्हतं."

"तुम्ही तुमचं कर्तव्य केलं, बाई. मंडळीची लाज राखली. दुसरा माणूस मिळेपर्यंत रविवारचं तुम्हीच सांभाळा."

दुपारी मास्तर बायकोला घेऊन निघाले. एक ट्रंक, एक वळकटी. खोलीची किल्ली त्यांनी रुखमाबाईंच्या हातात दिली. मग हात जोडले.

पोती संपली होती आणि गाडी यायची नव्हती; तरी पुढचे तीन दिवस माणसं सकाळी भांडी घेऊन अंगणात आली. कढई पालथी पाहून थोडा वेळ बसायची, मग उठून जायची. कुणी भांडलं नाही. भांडली असती तर रुखमाबाईंना बरं वाटलं असतं. चौथ्या दिवशी कुणी आलं नाही. रुखमाबाई दार लावून रविवारच्या पाठाची तयारी करत बसल्या. वाचलेलं पुन्हा वाचायच्या. शब्द चाळीस वर्षांच्या ओळखीचे होते, पण हाती काही लागत नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी शिकवलं. अकरा घरांनी ऐकलं.

वच्छी गेल्याचं त्यांना मंगळवारी कळलं, तेही पोरीला पुरून झाल्यावर. गुडघे धरत धरत त्या उकंडरावच्या घरी पोचल्या. कोकिळा चुलीपाशी बसली होती. चूल पेटलेली नव्हती. शेजारची पुष्पाबाई कुडाला टेकून होती.

"काय झालं वं?" रुखमाबाईंनी विचारलं.

पुष्पाबाई म्हणाली, "चर्चात नाव देल्लं म्हणून भावकीनं यायले हिरीवर येऊ देल्लं नाही. मास्तर व्हते तवरिक तेच आपल्या वाट्याच्या पाण्यातून एक घागर आणून टाकत. मास्तर गेले. मंग खारं पाणी पाजलं पोरीले. तिले हगवण लागली."

"मले कोनी सांगतलं नाही."

"तुमचं दार लागेल राहे, बाई."

उकंडराव आतून बाहेर आला. गळ्यात काळा दोरा पुन्हा होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मास्तर आल्ते काल. रस्त्याच्या कामावर हायेत ते, वरवटच्या अंगाले. कोनं तरी सांगतलं असन. माह्या हातानं खंदनं झालं नाही, त्यायनंच खंदलं. जमीन अशी कडक, सब्बलही लागेना."

"प्रार्थना केली?"

"पुस्तक नव्हतं त्यायच्यापाशी. काही बोललेच नाही. पोरीले माती देल्ली अन् माह्यापाशी बसून राह्यले, दिवस कलेपर्यंत. मंग पायी गेले."

रुखमाबाई कोकिळेजवळ बसल्या. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण हात उचलवला नाही. चाळीस वर्षं त्या अशा घरांत गेल्या होत्या, आणि दर वेळी तोंडात काहीतरी तयार असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वरवट बकालच्या वाटेला लागल्या. बैलगाडी मिळाली नाही. अर्ध्या वाटेवर एका निंबाखाली बसावं लागलं, उठताना झाडाला धरावं लागलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांना घणांचा आवाज ऐकू आला.

शेगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दोन-तीनशे माणसं खडी फोडत बसली होती. बायांनी डोळ्यांना दगडाचे कण लागू नयेत म्हणून पदर नाकापर्यंत ओढले होते. मुकादमानं हात करून दाखवला तिकडे त्या गेल्या. मास्तर मांडीखाली पोतं घेऊन बसले होते. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. धुळीनं केस, भुवया सगळं एकाच रंगाचं झालं होतं. शेजारी त्यांची बायको टोपल्यात खडी भरत होती. तिनं रुखमाबाईंना पाहिलं, हातातलं टोपलं डोक्यावर घेतलं आणि दूर निघून गेली.

मास्तर उठू लागले.

"बसा," रुखमाबाई म्हणाल्या. त्या उभ्याच राहिल्या. श्वास खाली बसेपर्यंत त्यांना बोलता येईना. मग म्हणाल्या, "गाडी बंद होईन हे तुमाले माहीत व्हतं."

"हो."

"यादी गेली तं दूध जाईन. म्हणून यादी केली."

मास्तरांनी हातोडी खाली ठेवली. "गाडीच्या पहिल्या महिन्यात मी खरं लिहून पाठवलं व्हतं, बाई. अकरा घरं. त्या महिन्यात तीनच पोते आले."

"मंग मले काऊन नाही सांगतलं? मी पत्र लिहिलं नसतं."

"म्हणूनच नाही सांगतलं."

रुखमाबाईंना समजलं नाही. मास्तरांनी हातांची धूळ झटकली. ती गेली नाही.

"तुमाले सांगतलं असतं तं तुमालेही माह्यासंगं खोटं बोलावं लागलं असतं. मंडळीत एक तरी माणूस तसाच राहू द्यावा म्हटलं." मग म्हणाले, "अन् पत्रात खोटं काय व्हतं? उकंडराव दोरा काढत व्हता तवा मी खिडकीतून पाहून राह्यलो व्हतो. थांब म्हणायले पाह्यजे व्हतं. नाही म्हटलं. भूक पाहून मी त्याची लाज घेतली. मी शिकवायले लायक नाही, बाई. हे मी तुमाले बरं वाटावं म्हणून सांगून नाही राह्यलो."

मुकादम ओरडला. आजूबाजूच्या हातोड्यांचा वेग वाढला. मास्तरांनीही हातोडी उचलली, एक दगड पुढे ओढला, पण मारली नाही.

रुखमाबाई उन्हात उभ्या होत्या. इथवर येताना त्यांनी मनाशी बरंच काही जुळवलं होतं. माफी मागायची, परत चला म्हणायचं, भगवंतरावांना दुसरं पत्र लिहीन म्हणायचं. त्यातलं एकही वाक्य आता पुढे येईना.

"मास्तर," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, ओट्यावर बसून त्यांना प्रश्न विचारणाऱ्या बायांसारखा. "काल कोकिळेपाशी बसली. काहीच म्हणता आलं नाही मले. त्या पोरीसाठी प्रार्थना करावी तं कशी करू?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते उठले, मांडीखालचं पोतं झटकून खडीच्या ढिगाच्या सावलीत पसरलं आणि त्यांचा दंड धरून त्यांना हळूच खाली बसवलं. स्वतः उघड्या दगडांवर बसले.

"मलेही जमून नाही राह्यलं," ते म्हणाले. "मी नुसतं तिचं नाव घेतो."

रुखमाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. 

"वच्छी," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान खाली घातली.