मोजून नाचलेलं गाणं

मी एक प्लेलिस्ट बोलतेय. गाणी माझी नाहीत, आवाजही माझा नाही. कुणामागून कोण, एवढंच काय ते माझं. पण तेवढ्यावरून माणसं किती भांडू शकतात, ते मला विचारा.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. घरातल्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. तिनेच फोनवर मला तयार केलं, 'लग्नाचा बँड' असं सरळसोट नाव दिलं आणि घरातल्या सगळ्यांना लिंक पाठवली. बँडच्या मास्तरांनी पंचवीस गाणी मागितली होती. आठवड्यात शहाऐंशी जमली. काकाने आपल्या कॉलेजच्या दिवसांतली अकरा कोंबली, मावशीने त्यातली चार गुपचूप काढली, काकाने ती परत घातली. मी आपली निमूट सहन करत होते.

"एवढं वाजवायचं तर जेवण दुसऱ्या दिवशी होईल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पंचवीस वहीत उतरवून घेतली. सातवं गाणं मात्र मुलीने बजावून ठेवलं होतं. त्यावर ती आणि आई नाचणार होत्या.

त्या सातव्यापायीच आईची नि माझी गट्टी जमली. दुपारी घर रिकामं झालं की ती मला उघडायची, आवाज शेवटपर्यंत वाढवायची आणि फोन कानाला घट्ट दाबून धरायची. तरी कपाळावरची आठी जात नसे. मग ती फोन समोर ठेवून पडद्यावर पळणाऱ्या सेकंदांकडे बघत पावलं टाकायची. अठराव्या सेकंदाला उजवा पाय. पन्नासाव्याला गिरकी. तीन मिनिटं बारा सेकंद झाले की थांबायचं.

ऐकू कमी येतंय हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्नाच्या धावपळीत पोरीच्या डोक्याला आणखी एक ताप नको, असं ती एकदा आरशासमोर पुटपुटली. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कुणाला?

आणि एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. बँड कधी रेकॉर्डिंगसारखा वाजवत नसतो. लोक रंगात आले की मास्तर सुरुवात दुप्पट लांबवतात, मुखडा तीनदा घेतात. त्यांच्या लेखी मी म्हणजे नुसता कच्चा माल.

लग्नाच्या संध्याकाळी मी कीबोर्डशेजारच्या टॅबवर उघडी होते. मायलेकी मधोमध आल्या, टाळ्या पडल्या आणि मास्तरांनी सुरुवात ताणली. अठरा सेकंद झाले. आईने उजवा पाय टाकला. गायकाने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"आई, थांब, अजून सुरू व्हायचंय," मुलगी तिच्या कानाशी म्हणाली. आई हसली, मान डोलावली आणि पुढची पावलं टाकत राहिली. लोकांना वाटलं, आनंदाच्या भरात आहे. तेही हसले. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

मुलगी मात्र हसली नाही. न ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीवर आई गेलं वर्षभर असंच हसत होती, हे तिला तेव्हा उमगलं. तिने आईला जवळ ओढलं, पाठीवर तळवा ठेवला आणि बोटांनी ठेका धरला. आईचं पाऊल एकदा अडखळलं, दोनदा अडखळलं, मग त्या बोटांच्या मागे चालू लागलं. मास्तरांनी मुखडा तीनदा घेतला. दोघी तिन्ही वेळा बरोबर होत्या.

गाणं संपल्यावर आई म्हणाली, "मला ऐकूच येत नव्हतं गं. मी नुसती मोजत होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

आई नुसती हसली. तिला तो प्रश्न ऐकू आला की नाही, ते मला आजही माहीत नाही.

लग्न पार पडलं की माझ्यासारखीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण महिन्याभरात आईने कानाला मशीन लावून घेतलं आणि मला पहिल्या गाण्यापासून उघडलं. रोज एक ऐकते. आवडलं नाही तर काढून टाकते. काकाची नऊ गेली.

काल तिने मुलीला फोन लावला. "अगं, त्या संथ गाण्यात मागे बासरी आहे. तुला माहीत होतं?"

ते गाणं मुलीनेच माझ्यात घातलं होतं, बासरीसाठीच.

"नाही गं," ती म्हणाली. "सांग ना, कुठे येते?"

म्हणून विनवते, फोनमध्ये जागा नाही म्हणून मला पुसून टाकू नका. आईची अजून एक्केचाळीस ऐकायची राहिली आहेत.