फ्लेक्सवरची मुबश्शिरा

माधवनगरात कुणाची निवड होवो, कुणाचं लग्न ठरो, की कुणाच्या लाडक्या कुत्र्याचा वाढदिवस असो (हसू नका, तोही लागतो आमच्याकडे), बांबूवर चढून फ्लेक्स बांधायला माणूस एकच, बादशहा. निकालाच्या दिवसांत तर त्याला दोन घास नीट खायची फुरसत नसायची. गुलालानं माखलेली, पेढा खाणारी दुसऱ्यांची पोरं तो वर टांगायचा आणि खाली उतरून, सरळ लागलंय का, एवढं बघायचा.

यंदा त्याच्या स्वतःच्या मुबश्शिराला दहावीला शहाण्णव टक्के पडले. पोरीनं क्लासचं तोंड बघितलं नव्हतं. सरकारी शाळा, आणि शाळा सुटल्यावर गणिताच्या शालूबाई. बाई रोज तिला दिवेलागणीपर्यंत रिकाम्या वर्गात बसवून घ्यायच्या. का, तर म्हणे, "हिचं डोकं वाया गेलं तर मला झोप लागायची नाही." फीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी दारात चारचाकी थांबली. आतून वीरधवल सर उतरले, सांगलीतल्या एका बड्या अकॅडमीचे मालक.

"अकरावी, बारावी, नीट परीक्षेची तयारी, सगळं मोफत," ते म्हणाले. "डॉक्टर करतो तुमच्या मुलीला."

बादशहाची बायको नूरजहां पदरानं डोळे पुसायला लागली.

"फक्त एक करायचं. नववीपासून ती आमच्याकडेच होती, असं सांगायचं. फोटो आम्ही लावतो."

"पण अब्बा, शालूबाई?" मुबश्शिरा म्हणाली.

"गप बस," बादशहा म्हणाला.

आता तुम्ही त्याला बोल लावाल. लावा बापडे. पण डॉक्टरकीचा खर्च नुसता ऐकून ज्याला घाम फुटतो, त्याच्या दारात नशीब चालत आलं तर तो काय लाथ मारील? शालूबाईंच्या कानावर घालायला गेला, तर त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीचं भलं होतंय ना? मग झालं तर." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

चौकातला फ्लेक्स बांधायचं काम अर्थातच त्याच्याकडं आलं. दोन माणसांएवढा मुबश्शिराचा चेहरा, आणि खाली ठळक अक्षरांत, 'आमच्या क्लासची गुणवंत विद्यार्थिनी'. सुतळीची गाठ त्यानं दोनदा आवळली. अभिमान वाटत होता, कशाला खोटं सांगू? पण लाजही तेवढीच वाटत होती.

आठवडाभरानं शेजारची लीलाबाई आली. ती यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायला जाते. नवरा नाही, एकुलता शिवतेज नववीत. आली ती तोंड फुगवूनच.

"बादशाभाय, शेजारधर्म म्हनून काय हाय का न्हाई? पोरगी रोज अंधार पडल्यावर यायची, ती क्लासला जात हुती व्हय! आमास्नी पत्ता लागू दिला न्हाईसा."

"तसं न्हाई, लीलाक्का..."

"ऱ्हाऊ द्या. म्या बोरमाळ मोडली. उद्या शिवतेजचं नाव घालतीया तितंच."

बादशहानं ती बोरमाळ तिच्या गळ्यात कायम बघितली होती. ती बोरमाळ तिच्या आईची. तिच्याकडं सोनं म्हणून तेवढंच होतं. आणि लीलाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही हेही त्याला ठाऊक होतं. हिला खरं सांगितलं की उद्या दुपारपर्यंत ते वीरधवल सरांच्या कानावर, आणि पोरीची जागा गेलीच म्हणून समजा. आत मुबश्शिरा नवी पुस्तकं चाळत बसली होती. त्यानं एकदा तिकडं बघितलं.

"लीलाक्का, नाव घालू नगा," तो म्हणाला. "मुबश्शिरा त्या क्लासात येक दिस गेली न्हाई. शालूबाईंनी शिकिवलं, शाळंत, फुकट. फ्लेक्स खोटा हाय."

लीलाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं.

"खोटा? तुमीच टांगलासा की!"

"टांगला, पर..."

"तुमची पोरगी वर चढली. आता आमचं पोरगं चढल्यालं बगवंना व्हय?"

ते ऐकून मुबश्शिरा बाहेर आली. "मावशी, अब्बा खरं बोलत्यात. शिवतेजला पाठवा माझ्याकडं. मी रोज शिकवते."

लीलाबाईचा आवाज एकदम उतरला. तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवला. "गुणाची हाईस गं तू. पर गरिबाचं पोर नुसत्या डोक्यावर वर गेल्यालं म्या जल्मात बगितलं न्हाई. काय भरल्याबिगर कोन शिकिवतंय?"

आणि ती गेली.

बादशहा उंबऱ्यावर बसला. जिवावर उदार होऊन खरं बोलला, तर ते कुणी घेतलंच नाही. पोरीची जागा शाबूत राहिली याचा त्याला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून स्वतःचाच राग आला.

"अब्बा," मुबश्शिरा त्याच्याजवळ बसत म्हणाली, "मी मावशीच्या डोळ्यांदेखत नुसत्या शाळेत जाऊन शिकले. मग माझ्यावर इस्वास का न्हाई बसला?"

"तुज्यावर बसला असता, बेटा," बादशहा म्हणाला. "शालूबाईंचं नाव कुनी वर लावलं असतं, तर बसला असता. आन् लावनारा मीच हुतो की."